खानापुरी परळ की ऑनलाइन फीडर? बेळगावच्या हिवाळी बागेसाठी काय घ्यावं

निकाल आधीच सांगून टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात अंगणात, परसात किंवा गच्चीवर हिवाळ्यात पक्षी-फुलपाखरं यावीत म्हणून एकच वस्तू विकत घ्यायची असेल, तर खानापुरी मातीचं एक पसरट परळ, म्हणजे पाणी ठेवायची उथळ थाळी, घ्यावं. दुसरी वस्तू परवडत असेल तर दुसरं परळ घ्यावं. दाण्याचा लांबट प्लॅस्टिक फीडर यादीत बराच खाली येतो, आणि साखरपाण्याचा लाल फीडर यादीतच येत नाही.

याचं कारण इथल्या थंडीत आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण 13 ते 15 अंशांपर्यंत उतरतो, दहाच्या सुमारास स्वेटर निघतो, दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. किडे मरत नाहीत, फुलं थांबत नाहीत. बर्फाच्या देशांत हिवाळ्यात दाणे आणि चरबीचे गोळे टांगतात ते पक्षी उपाशी मरू नयेत म्हणून. इथं खाणं झाडावरच असतं, आटत जातं ते पाणी. परतीचा पाऊस गेला की डबकी सुकतात आणि पत्र्या-कौलांच्या पन्हळी कोरड्या पडतात. त्यामुळे दाण्याला येतात चिमण्या, ठिपकेवाल्या मुनिया, होले आणि पारवे. पाण्याला मात्र हे सगळे येतातच, शिवाय दाण्याकडे ढुंकूनही न बघणारे येतात: दयाळ, शिंपी, चष्मेवाला, लालबुड्या बुलबुल, सातभाई, सूर्यपक्षी.

आता परळाबद्दल. खानापूर बेळगावपासून जेमतेम 25 किलोमीटरवर. तिथली माती कौलं आणि मडक्यांसाठी नावाजलेली, खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही तिथंच. ‘बर्ड बाथ’ म्हणून मागितलं तर दुकानदार बहुतेक रंगवलेलं, मध्ये मातीची चिमणी बसवलेलं शोभेचं भांडं काढून देतो. ते नको. साधं परळ किंवा मोठ्या कुंडीखालची बशी मागावी. स्वस्तही पडते आणि कामालाही तीच चांगली.

माप असं बघावं: तोंडाचा व्यास 35 ते 40 सेंटिमीटर, काठाजवळ खोली दोन-अडीच सेंटिमीटर, मध्यभागी फार तर पाच. काठ बोटभर जाड आणि गोलसर असावा, कारण पक्षी आधी काठावर बसून इकडेतिकडे बघतो आणि मगच आत उतरतो. आतला उतार हळूहळू जाणारा हवा. उभ्या भिंतीचं, पातेल्यासारखं भांडं कितीही सुबक असलं तरी चिमणीएवढा पक्षी त्यात पाय टाकत नाही, आणि टाकलाच तर भिजल्यावर त्याला वर येता येत नाही. पाच सेंटिमीटरपेक्षा खोल भांडं घरात आधीच असेल तर टाकून देऊ नका, मध्यभागी दोन खडबडीत दगड ठेवा, दगडाचं डोकं पाण्याच्या वर राहील असे. 35 सेंटिमीटरच्या परळात साधारण दोन लिटर पाणी मावतं. रोज तेवढं पाणी ओतून बदलायला जड नाही, हाही हिशेब त्यात आहे.

विकत घेताना बोटाच्या पेरानं वाजवून बघणं हे काही मडक्यापुरतं नाही. खणखणीत आवाज आला तर भाजणी पुरी झालेली आणि तडा नाही. बद्द आवाज आला तर कुठंतरी केसासारखी चीर आहे किंवा माल कच्चा आहे. कच्चं परळ महिनाभरात पोपडे सोडायला लागतं. अंगावर काळपट डाग असतील तर घाबरू नये, भट्टीत धूर लागल्याचे असतात. त्यानं बिघडत काही नाही. मात्र पांढरे ठिपके नीट बघावेत. मातीत चुनखडीचा खडा राहून गेला असेल तर भट्टीत त्याचा चुना होतो, आणि पुढं ओल लागली की तो फुगून वरची टिकली उडवतो. परळ आपोआप फुटलं अशी तक्रार जी ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हा एवढासा खडा असतो. सपाट फरशीवर ठेवून डगमगतं का तेही तिथंच पाहून घ्यावं. दुकानदार “सगळी सारखीच आहेत, घ्या की” म्हणतो, पण सारखी नसतात. दहातून दोन निवडावीत.

आत ऑइलपेंट किंवा व्हार्निश मारलेलं परळ घेऊ नये. पाय घसरतात, आणि रंगाचे पापुद्रे पाण्यात सुटतात. बाहेरून गेरू लावलेला चालतो. काचलेप दिलेली चिनी मातीची भांडी दिसायला छान, पण पक्ष्याच्या दृष्टीनं ती ओल्या फरशीसारखी निसरडी. सिमेंटचं खांबावरचं भांडं टिकतं, पण नव्या सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं. आठवडाभर रोज भरून ओतून टाकावं लागतं, आणि एकदा बसवलं की जागा बदलता येत नाही. जागा बदलता येणं ही परळाची अर्धी किंमत आहे. तीन साखळ्यांनी टांगायचं परळही मिळतं. त्यावर बुलबुल आणि चिमण्या झुलत पाणी पितात, पण अंघोळीला सहसा उतरत नाहीत, आणि वारा सुटला की अर्धं पाणी जमिनीवर.

घरी आणल्यावर परळ रात्रभर बादलीत बुडवून ठेवावं. बुडबुडे येणं थांबलं म्हणजे मातीची भोकं भरली. हे न करता थेट भरलं तर पहिल्या दिवशी पाणी निम्मं होतं आणि माणूस समजतो की परळ गळकं. पाझर आणि गळती यांतला फरक सोपा आहे: पाझरणाऱ्या परळाचं अंग सगळीकडून सारखं दमट लागतं, गळक्याच्या खाली एकाच जागी ओघळ दिसतो. पाझर हा दोष नव्हेच. सातेरी मधमाश्या आणि छोट्या कोतीच्या माश्या परळाच्या बाहेरच्या ओल्या अंगाला बसून पाणी शोषतात, म्हणून बुडून मरत नाहीत. प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये सकाळी सात-आठ माश्या तरंगताना दिसतात ते याचसाठी. ट्रेच वापरायचा असेल तर गोणपाटाची एक पट्टी अर्धी पाण्यात, अर्धी काठाबाहेर सोडावी.

जागेवर सगळं ठरतं. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर सावली, अशी जागा. दाट झुडपापासून दोन ते तीन मीटर दूर, म्हणजे मांजराला लपून एका उडीत गाठता येत नाही. पण तेवढ्याच अंतरावर एखादी फांदी हवी, भिजलेल्या पक्ष्याला बसून पंख विंचरायला. खिडकीची मोठी काच असेल तर परळ काचेपासून एक मीटरच्या आत ठेवावं किंवा दहा मीटरच्या पलीकडं. आत असेल तर दचकून उडालेल्या पक्ष्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. मधल्या अंतरावर तो पूर्ण वेगात काचेवर आपटतो. उंची दोन-तीन फूट चालते. जमिनीवर ठेवायचं तर तीन विटांवर, आणि मांजराचा वावर नसेल तरच. जमिनीवरच्या पाण्याला येणारे पाहुणे मात्र वेगळेच असतात: करडा धोबी, दयाळ, आणि खानापूर-जांबोटीच्या बाजूला, झाडाखाली पालापाचोळा न झाडता ठेवला असेल तर संधिप्रकाशात अंघोळीला येणारा नारिंगी डोक्याचा कस्तूर. नशीब जोरावर असेल तर त्याच पाचोळ्यात नवरंग. रोज खराट्यानं अंगण लख्ख करणाऱ्यांनी या दोघांची वाट बघू नये.

पाणी नुसतं दिसण्यापेक्षा त्याचा आवाज आला की पक्षी लवकर सापडवतात. त्यासाठी विजेवरचा छोटा पंप ऑनलाइन मिळतो, सौर पट्टीवाला. बारीक गाळानं आणि शेवाळानं त्याची जाळी आठवड्यात तुंबते, ढगाळ दिवशी तो चालत नाही. मेडिकलमधून आणलेला नवा सलाइनचा सेट त्याहून भरवशाचा. दोन लिटरची बाटली परळाच्या मीटरभर वर टांगायची, टोपणाला भोक पाडून नळी बसवायची, सुई कापून टाकायची आणि चाकानं सेकंदाला एक थेंब सोडायचा. साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर (पाकिटावर छापलेलं असतं, बघून घ्यावं), म्हणजे तासाला 180 मिलिलिटर. दोन लिटर जवळजवळ अकरा तास पुरतं, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. दोन चुका नेहमी होतात. बाटलीच्या बुडाला हवेसाठी भोक पाडत नाहीत, त्यामुळे थोड्या वेळानं थेंब थांबतात आणि दोष सेटला जातो. आणि पारदर्शक बाटली उन्हात टांगतात, मग आठ दिवसांत नळी हिरवी. बाटलीला जुन्या कापडाचं आवरण घातलं की हा त्रास संपतो.

स्वच्छतेत कुचराई करायची असेल तर परळ ठेवूच नये. पाणी रोज बदलावं, आणि दर तिसऱ्या दिवशी काथ्यानं किंवा नारळाच्या शेंडीनं आतून, विशेषतः काठाशी, घासावं. साबण नको, माती तो पिऊन घेते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या अंगाला अंडी चिकटवते, आणि ती अंडी कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरत नाही, घासावंच लागतं. दोन परळं का घ्यायची तेही इथंच कळतं: एक कामावर, दुसरं घासून दिवसभर कडक उन्हात उपडं. मातीच्या भांड्याला उन्हासारखं दुसरं औषध नाही. प्लॅस्टिकचा ट्रे असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण चालतं, नंतर भरपूर धुऊन वाळवावं. मातीला ते वापरू नये, कारण छिद्रांत मुरलेलं ब्लीच सहजी निघत नाही. बोअरच्या जड पाण्यानं, चिकोडी-अथणीकडं हे जास्त दिसतं, काठावर क्षारांचा पांढरा थर चढतो. चिंचेच्या कोळानं घासला की उतरतो.

फुगून, डोळे मिटून बसलेला पक्षी परळाजवळ दिसला, विशेषतः होला किंवा पारवा, तर दोन आठवडे पाणी आणि दाणा दोन्ही बंद. एकाच भांड्यातून आजार पसरतात. पक्षी येणं थांबेल ही भीती खोटी आहे, पुन्हा पाणी ठेवलं की परततात.

कावळ्यांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. वाळकी भाकरी, हाडं, कधी मेलेल्या उंदराचा तुकडा परळात आणून भिजवायचा आणि मऊ झाला की खायचा, ही त्यांची पद्धत. पाणी तासाभरात घाण. हाकलून उपयोग नाही, दुसऱ्या टोकाला त्यांच्यासाठी एक जुनी घमेली भरून ठेवावी. खोल आणि मोठ्या भांड्याला कावळे पसंती देतात. बेळगावकरांच्या घरी जुनी घमेली नसेल असं होत नाही.

आता फीडर. नळीसारख्या प्लॅस्टिक फीडरची मुख्य अडचण दव आहे. नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे इथं भरपूर दव पडतं, नळीच्या तळाचे दाणे ओलसर होतात, गोळा होतो, बुरशी धरते. बुरशी धरलेला दाणा पक्ष्यांना विषारी असतो. कंपनीनं सुचवलेली अख्खी नळी भरणं हीच पहिली चूक. मूठभर राळा आणि बाजरी, दिवसभरात संपेल एवढीच, सकाळी घालावी. दुसरी अडचण खारी. प्लॅस्टिकची भोकं त्या कुरतडून मोठी करतात, मग दाणे भसाभसा खाली. खाली सांडलेल्या दाण्याला रात्री उंदीर, उंदराच्या मागे धामण, आणि धामणच येईल असा काही करार नसतो. परसदारी लहान मुलं वावरत असतील तर हा हिशेब करूनच फीडर टांगावा. खानापूरच्या बाजूला माकडं येत असतील तर तो विषयच नको. पारवे कमी करायचे असतील तर खालची थाळी काढून टाकावी. बसायला जागा नाही म्हटल्यावर पारव्यांचा उत्साह मावळतो, चिमण्या आणि मुनिया मात्र लटकून खातात.

लाल रंगाचा, साखरपाण्याचा फीडर मुळात हमिंगबर्डसाठी बनवलेला. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. आपल्या सूर्यपक्ष्याला त्याची गरज नाही, आणि इथं त्यावर मुंग्यांची रांग आधी लागते. दुपारच्या उन्हात साखरपाणी आंबतं. तेवढ्या पैशांत रोपं आणावीत. अडुळसा हिवाळ्यातच फुलतो, कुंपणाला चालतो, शेळी तोंड लावत नाही, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे आणि सूर्यपक्षी दोन्ही येतात. धायटी सह्याद्रीतलीच. डिसेंबरनंतर तिच्या फांद्या तांबड्या फुलांनी भरतात. जांभ्याच्या तांबड्या मातीत ती आपसूक रुजते, पूर्वेकडच्या काळ्या मातीत मात्र खड्ड्यात वाळू-मुरूम घालून निचरा करून द्यावा लागतो, नाहीतर मुळं कुजतात. कुंडीतच लावायचं असेल तर एकेरी पाकळ्यांची जास्वंद. डबल जास्वंदीत पाकळ्यांच्या गर्दीत मध सापडवायला पक्ष्यालाही वेळ नसतो.

आंब्यावर बांडगूळ आहे म्हणून सगळंच्या सगळं तोडून टाकायची घाई नको. झाडाचा जोर कमी करतं हे खरं, पण एखादी फांदी राखून ठेवली तर तिच्यावर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या वाढतात, फुलांवर सूर्यपक्षी आणि फळांवर फुलटोचा येतो. फुलटोच्याची चिकट विष्ठा दुसऱ्या फांदीला लागली की तिथं नवं बांडगूळ, म्हणून राखायची ती एकच, बाकीची मुळापासून खरवडून काढावीत. नुसती कापली तर पुन्हा फुटतात.

फुलपाखरांसाठी जुनं, किंचित चिरलेलं परळ कामी येतं. त्यात नदीची वाळू आणि शेणखत निम्मं-निम्मं, चिमूटभर मीठ, आणि वर पाणी उभं राहणार नाही इतकीच ओल. नोव्हेंबर-डिसेंबरात ऊन तापलं की नर फुलपाखरं इथं क्षार शोषायला बसतात. मीठ चिमूटभरच. मूठभर घातलं की मुंग्याही फिरकत नाहीत. कढीपत्ता आणि लिंबू जवळ असतील तर अळ्या पानं खाणारच. छोट्या असताना त्या पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. मोठं झाड असेल तर सोडून द्याव्यात. फूटभर रोपावर चार-पाच दिसल्या तर उचलून दुसऱ्या झाडावर ठेवाव्यात. औषध फवारलं तर परळाचा सगळा खर्च वाया, कारण शिंपी, दयाळ येतात ते याच अळ्यांसाठी.

पावट्यावर आणि कोबीवर डिसेंबरातल्या ढगाळ हवेत मावा येतो, तेव्हाही हेच. माव्याजवळ काळ्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी अळी ही ढालकिड्याची असते, आणि लोक नेमकी तीच चिरडतात. चार-पाच कोथिंबिरी आणि शेपूची दोन रोपं न तोडता फुलू द्यावीत. त्यांच्या बारीक फुलांवर येणाऱ्या माश्यांची पोरं मावा खातात.

परळ उचलताना एक काळजी. खाली आठ-दहा दिवसांत ओल धरते, आणि तिथं भेक, सापसुरळी, वाणी यांच्यासोबत घोण किंवा विंचूही मुक्कामाला असू शकतो. बोटं खाली न घालता काठीनं एक बाजू उचलून बघावी. भेक दिसला तर तसाच ठेवून परळ पुन्हा हळूच टेकवावं. रात्री गोगलगायी आणि किडे तोच उरकतो. बदललेलं पाणी तिथंच न ओतता कुंड्यांना घालावं, नाहीतर परळाभोवती चिखल होतो आणि त्यात शेवाळ.

काय कधी दिसेल याचा अंदाज हवा असेल तर: लाल कंठाचा माशीमार आणि करडा धोबी हे हिवाळी पाहुणे, उत्तरेकडून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत रेंगाळतात. झुडपात दिवसभर ‘चक् चक्’ ऐकू येतं आणि दिसत काहीच नाही, तो बहुधा ब्लाइथचा वटवट्या. हे सगळे सकाळी उशिरा, नऊ ते अकरात पाण्यावर येतात. बुलबुलांची गर्दी आधी होऊन जाते.

परळ मेपर्यंत बाहेर राहू द्यावं, उन्हाळ्यात तर दिवसातून दोनदा भरावं लागतं. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी मात्र घासून, दोन-तीन उन्हं देऊन आत घ्यावं, पडवीत कोरड्या जागी उभं टेकवून. ते पावसातच भिजत पडलं तर श्रावण येईपर्यंत त्याच्यावर शेवाळाचा गालिचा आणि तळाला पोपडे, आणि दिवाळीनंतर पुन्हा खानापूरचा रस्ता.